म्यून्स्टरचें नवें यरुशलेम

युरोपांतील धर्मक्रांतीचा इतिहास आमच्या कॉलेजांतून शिकविला जातो तेव्हां लूथर, झ्विंग्ली व कॅल्व्हिन यांच्या वांट्यास प्रकरणेंच्या प्रकरणें येतात, आणि म्यून्स्टर शहराच्या वांट्यास फार तर अर्धें पान येतें. त्या अर्ध्या पानांत तरी काय असतें? एक शिंपी राजा झाला, त्यानें सोळा बायका केल्या, शहर सोळा महिने लढलें आणि शेवटीं पडलें. आम्ही विद्यार्थी असतांना हें अर्धें पान वाचून हंसलों होतों. पुढें अध्यापक झाल्यावर तें हंसत हंसतच शिकवीत आलों. परीक्षेंत यावर प्रश्न येत नसल्यामुळें कोणाचें कांहीं अडलेंहि नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मात्र वर्गांत एका विद्यार्थिनीनें विचारलें, "पण सर, सात-आठ हजार माणसें एकाच वेळीं वेडीं कशीं होतील?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें शोधण्याच्या निमित्तानें जें वाचन घडलें, त्याचें फळ म्हणजे प्रस्तुतचा लेख होय.

या वाचनानंतर आमचें असें मत बनलें आहे कीं, राजा, त्याचा मुकुट व त्याच्या बायका हा या कथेचा शेवटचा अंक आहे. इतिहासलेखकांनीं तोच प्रथम दाखविला आणि पडदा पाडला, म्हणून नाटक प्रहसनासारखें वाटलें. आधींचे अंक पाहूं गेल्यास तेथें जगाच्या अंताची निमूटपणें वाट पाहणारीं, शस्त्रास न शिवणारीं माणसें दिसतात. तो अंत आपणच घडवून आणला पाहिजे, असें त्यांना केव्हां व कां वाटूं लागलें, हें पाहण्याजोगें आहे.

जगाचा अंत आतां आलाच, ही भावना आपल्याकडील वाचकास सहसा उमगत नाहीं. आणि याचें कारण आपलें कालगणित. कलियुगाचीं वर्षें ४,३२,०००. त्यांतील पांच हजारांवर कांहीं लोटलीं. कल्की अवतरावयाचा तो युगान्तीं. तेव्हां त्याच्या घोड्याच्या टापा ऐकूं येतात कीं काय म्हणून कोणी वेशीवर जाऊन बसत नाहीं. ख्रिस्ती काळ हा असा चक्राकार फिरत नाहीं. तो एकदां सुरू झाला व एकदांच संपावयाचा. बायबलच्या शेवटीं जें 'प्रकटीकरण' नांवाचें पुस्तक आहे त्यांत या समाप्तीचें वर्णन असून, संतांचें हजार वर्षांचें राज्य व आकाशांतून उतरणारें नवें यरुशलेम यांचा उल्लेख तेथें येतो. सेंट ऑगस्टिननें हें सर्व रूपकात्मक आहे असें पांचव्या शतकांत ठरवून टाकलें आणि चर्चनें तें मान्य केलें. परंतु दुष्काळ, रोगराई, युद्ध असें कांहीं आलें म्हणजे लोक तें रूपक विसरत आणि त्या पुस्तकाकडे पंचांगासारखें पाहूं लागत.

लूथरनें बायबल लोकभाषेंत आणल्यावर असें पाहणाऱ्यांची संख्या वाढली, यांत नवल नाहीं. त्यांतच १५२५ सालच्या जानेवारींत झ्युरिक येथें कांहीं तरुणांनीं एकमेकांस पुन्हां बाप्तिस्मा दिला. लहान मुलास श्रद्धा नसते, म्हणून त्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असें त्यांचें म्हणणें. वाचकास ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण त्या काळीं मूल जन्मतांच बाप्तिस्म्यानें चर्चचें आणि त्याबरोबरच गांवाचें घटक होत असे. तो नाकारणारा मनुष्य उद्यां गांवची शपथ, गांवचें शस्त्र आणि गांवचा न्यायाधीशहि नाकारील, ही भीति राज्यकर्त्यांना वाटली. ती सर्वस्वीं निराधारहि नव्हती. ५ जानेवारी १५२७ रोजीं झ्युरिकच्याच फेलिक्स मांट्झ यास लिमाट नदींत बुडवून मारण्यांत आलें. १५२९ सालीं स्पायर येथील साम्राज्यसभेनें पुनर्बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीपुरुषास देहान्त शासन फर्माविलें. या एका कलमावर कॅथलिक व लूथरपंथी यांचें एकमत झालें. ज्यांना हा दंड फर्माविला त्यांपैकीं बहुतेक जण तरवार धरणें हेंच पाप मानीत, हें येथें ध्यानांत ठेवावें.

यांच्यांत मेल्शिओर हॉफमन नांवाचा एक उपदेशक निघाला. तो मूळचा फरच्या कातड्यांचा व्यापारी. लिव्होनिया, स्टॉकहोम, होल्स्टाइन असा उत्तर युरोपभर उपदेश करीत व हद्दपार होत होत तो १५२९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें आला, व पुढल्या वर्षीं एम्डेन येथें त्यानें सुमारें तीनशें लोकांना बाप्तिस्मा दिला. १५३३ सालीं अंत होणार आणि स्ट्रासबुर्ग हेंच नवें यरुशलेम होणार, असें त्याचें भाकीत होतें. मात्र या सर्वांत भक्तांनीं करावयाचें काय? तर प्रार्थना. दुष्टांचा संहार ईश्वर आपल्या साधनांनीं करील. भक्तांनीं हात उचलूं नये. १५३१ सालीं हॉलंडांत त्याच्या दहा अनुयायांचीं डोकीं उडविलीं गेलीं, तेव्हां त्यानें काय करावें? दोन वर्षें कोणासहि बाप्तिस्मा देऊं नये अशी त्यानें आज्ञा केली. आपल्या माणसांचे जीव वांचावेत म्हणून स्वतःच्या पंथाचा मुख्य संस्कारच थांबविणारा प्रेषित आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाहीं. तूं सहा महिने तुरुंगांत राहशील व मग सर्व घडेल, असें एका वृद्धानें त्यास सांगितलें होतें. म्हणून १५३३ च्या मे महिन्यांत स्ट्रासबुर्गच्या अधिकाऱ्यांनीं त्यास पकडलें तेव्हां तो आनंदानें गेला. सहा महिने झाले, वर्ष संपलें, कांहीं घडलें नाहीं. तो त्याच तुरुंगांत सुमारें दहा वर्षांनीं वारला.

ज्यांनीं त्याच्या शब्दावर घरेंदारें विकलीं होतीं त्यांनीं आतां काय करावयाचें? तर्कशास्त्राचा अध्यापक म्हणेल कीं, भाकीत चुकलें, सबब भाकीत करणारा चुकला, सबब घरीं जावें. परंतु घरीं जावयाचें कोठें? घरीं स्पायरचा कायदा वाट पाहत होता. श्रद्धा सोडली तर ज्या भावाचें, ज्या नवऱ्याचें डोकें उडालें तो उगाच मेला असें म्हणणें भाग. असें कोण म्हणूं शकेल? अशा मनःस्थितींत हार्लेमचा यान माथिस नांवाचा एक पाववाला पुढें आला. १५३३ च्या अखेरीस त्यानें आपण हनोख, म्हणजे अंतापूर्वीं यावयाचा प्रेषित, असल्याचें जाहीर केलें, हॉफमनची बाप्तिस्माबंदी मोडली, आणि दोन दोन दूतांच्या जोड्या देशभर पाठविल्या. तारीख पुढें गेली व स्थळहि बदललें. याहून महत्त्वाचें म्हणजे भक्तांचें काम बदललें. भक्तांनीं दुष्टांपासून वेगळें व्हावें आणि वेळ पडल्यास तरवार हातीं घ्यावी, असा आतां अर्थ निघूं लागला. आमच्या मतें म्यून्स्टरची पुढची सगळी कथा या एका बदलांत सांठविलेली आहे.

नवें स्थळ ठरलें तें म्यून्स्टर. वेस्टफालियांतील हें तटबंदीचें संपन्न शहर एका बिशपच्या राज्यांत होतें. बिशप हा तेथला धर्माधिकारीहि आणि राजाहि. १५३२ सालीं त्या गादीवर आलेला फ्रान्झ फॉन वाल्डेक हा तर धर्माधिकारी कमी व सरदार अधिक होता. शहरांतील कारागिरांच्या श्रेणींचें आणि धर्ममंडळाचें जुनें वैर. मठांना करमाफी असल्यामुळें विणकरांचा धंदा बुडतो ही तक्रार. त्यांत बेर्नहार्ड रोटमान या लोहाराच्या मुलानें, जो स्वतः विद्वान व वक्ता होता, लूथरी मताचा प्रचार आरंभिला व बेर्न्ट क्निपरडोलिंक या धनाढ्य कापडव्यापाऱ्यानें त्यास आश्रय दिला. फेब्रुवारी १५३३ मध्यें बिशपला तह करून शहरांतील पॅरिश चर्चें लूथरपंथीयांस द्यावीं लागलीं. येथेंच गोष्ट थांबती तर म्यून्स्टर हें जर्मनींतील अनेक लूथरी शहरांपैकीं एक झालें असतें. पण रोटमान पुढें गेला; वर्ष संपण्याच्या आंत तो बालबाप्तिस्म्याविरुद्ध बोलूं लागला. ५ जानेवारी १५३४ रोजीं माथिसचे दोन दूत शहरांत येऊन त्यांनीं रोटमानला बाप्तिस्मा दिला आणि आठवड्याभरांतच सुमारें चौदाशें प्रौढ स्त्रीपुरुषांनीं तो घेतला. त्यांच्या मागोमाग १३ जानेवारीस लायडनचा यान नांवाचा चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण आला. हाच तो शिंपी.

(वाचकांस काळाची खूण पटावी म्हणून सांगतों, कीं याच १५३४ सालच्या डिसेंबरांत गुजराथच्या बहादूरशहानें वसई व मुंबईचीं बेटें पोर्तुगीजांस लिहून दिलीं.)

फेब्रुवारींत दोन्ही पक्ष शस्त्रें घेऊन रस्त्यावर समोरासमोर आले आणि रक्तपात न होतां समेट झाला. पुनर्बाप्तिस्मावाद्यांना हा चमत्कार वाटला. आकाशांत दिव्य चिन्हें पाहिल्याच्या आठवणी पुढें कित्येकांनीं सांगितल्या. २३ फेब्रुवारीस नगरसभेची निवडणूक झाली व ती त्यांनीं रीतसर जिंकली. ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठेंहि नाहीं. नव्या यरुशलेमचा आरंभ बंडानें झाला नसून कायदेशीर मतदानानें झाला. परंतु चार दिवसांनीं, २७ फेब्रुवारीस, ऐन कडाक्याच्या थंडींत, ज्यांनीं नवा बाप्तिस्मा घेण्याचें नाकारलें त्या सर्वांना, म्हातारेंकोतारें, गरोदर बायका, तान्हीं मुलें यांसह, वेशीबाहेर हांकलून देण्यांत आलें. माथिसच्या मनांत त्यांना ठारच करावयाचें होतें. क्निपरडोलिंकनें त्यास हद्दपारीवर आणलें. लगेच बिशपनें शहरास वेढा घातला. स्वतः छळ सोसलेल्या माणसांनीं केलेला हा पहिला छळ. याचें समर्थन आम्हीं कोठेंहि करूं इच्छीत नाहीं.

यानंतरचे सहा आठवडे माथिसचे. खासगी पैसा सरकारजमा झाला. अन्न सर्वांचें, दारें रात्रंदिवस उघडीं ठेवावयाचीं. एका लोहारानें या परक्या प्रेषितांविरुद्ध तोंड उघडलें, तेव्हां चौकांत माथिसनें आपल्या हातानें त्याचा जीव घेतला. मार्चमध्यें बायबलाखेरीज सर्व पुस्तकें चौकांत आणून जाळलीं. ज्यांचा जन्म पुस्तकांत गेला त्यांना हें वाचतांना काय वाटतें तें सांगावयास नको. पण हेंहि सांगितलें पाहिजे कीं, शहराचीं देणीं-कर्जें ज्यांत लिहिलेलीं होतीं ते दप्तरहि नष्ट केलें गेलें, आणि त्यामुळें कित्येकांच्या छातीवरचा धोंडा उतरला असेल.

याच महिन्यांत हॉलंडमधून सुमारें तीन हजार माणसें बायकामुलांसह गलबतांत बसून नव्या यरुशलेमकडे निघालीं. अधिकाऱ्यांनीं त्यांना वाटेंतच अडविलें. ती इतक्या निमूटपणें स्वाधीन झालीं कीं म्होरक्यांस तेवढें मारून बाकीच्यांना घरीं परत पाठविण्यांत आलें. बायका-मुलें घेऊन लढाईस कोणी जात नाहीं. आपण वांचण्यास चाललों आहों, अशीच त्यांची समजूत होती.

माथिसची तारीख होती त्या वर्षीचा ईस्टर, म्हणजे ५ एप्रिल. ती आली. आकाश उघडेना. तेव्हां थोडीशीं माणसें बरोबर घेऊन, गिदोनाप्रमाणें मूठभरांनीं सैन्य उधळूं असें म्हणत, माथिस वेशीबाहेर पडला. वेढेकऱ्यांनीं त्याचे तुकडे करून शिर खांबावर लावलें. हॉफमन तारीख चुकतांच तुरुंगांत बसून राहिला; माथिस तारीख चुकतां चुकतां तरवार उपसून गेला. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेतां येत नाहीं, आणि हीच त्यांतील भयंकर गोष्ट आहे.

आतां लायडनच्या यानाची पाळी. तो एका गांवपाटलाचा अनौरस मुलगा. शिंपीकाम, व्यापार, खानावळ सर्व करून पाहिलेला, आणि हॉलंडांतील हौशी नाट्यमंडळ्यांत वावरलेला. माथिस मेल्यावर त्यानें नगरसभा मोडून बारा वडील नेमले व जुन्या करारांतील दंड लागू केले. बिशपनें मे व ऑगस्ट या महिन्यांत शहरावर दोन मोठे हल्ले चढविले. दोन्ही परतविले गेले. तटावर स्त्रिया कढत डांबर व चुना ओतीत होत्या. हिले फाइकेन नांवाची एक तरुणी बायबलमधील यूदीथप्रमाणें शत्रूच्या सेनापतीस मारण्याकरितां एकटी छावणींत गेली, आणि पकडली जाऊन देहान्तास गेली. तिला कोणी पाठविलें नव्हतें, ती आपण होऊन गेली, असें दिसतें.

जुलैमध्यें बहुपत्नीत्व जाहीर झालें. याचा अर्थ केवळ यानाची लंपटता असा करण्यांत येतो, आणि तो अंशतः खरा असेलहि. परंतु हद्दपारीनंतर शहरांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होती. अनेकांचे नवरे पळून गेलेले. कित्येक जणी संन्यस्त मठांतून बाहेर पडलेल्या. प्रत्येक स्त्री कोणा तरी पुरुषाच्या अमलाखालीं असावी, हा त्या काळच्या सर्वच पंथांचा सिद्धान्त. त्या सिद्धान्तास वेढ्याच्या गणितांत बसविलें तर जें उत्तर येतें तें म्यून्स्टरनें काढलें. स्त्रियांनीं तें खुशीनें पत्करलें असें मात्र नव्हे. नकार देणाऱ्यांना शिक्षा झाल्या. खुद्द शहरांतील सुमारें दोनशें पुरुषांनीं याविरुद्ध उठाव करून यानाला एक रात्र कैदेंत टाकलें होतें. उठाव मोडला, आणि पन्नासाच्या आसपास माणसें मारलीं गेलीं. नव्या यरुशलेमांत नव्या यरुशलेमच्याच रहिवाश्यांचें रक्त एवढ्या प्रमाणांत प्रथम सांडलें तें या वेळीं.

सप्टेंबरच्या सुमारास यान राजा झाला. दावीदाच्या सिंहासनावर बसून जगाचें राज्य करणारा राजा. चौकांत सिंहासन, सोन्याची सांखळी, दोन तरवारींनीं भेदलेला पृथ्वीचा गोल, शहराचीं नवीं नाणीं. माथिसची विधवा डिव्हारा ही पट्टराणी. १३ ऑक्टोबरास कॅथीड्रलच्या चौकांत सर्व शहरानें एकत्र भोजन केलें, राजाराणींनीं स्वतः वाढलें, आणि त्याच रात्रीं सत्तावीस प्रेषित आसपासच्या चार शहरांकडे शस्त्राविना रवाना झाले. सव्वीस मारले गेले. जो एक वांचला तो बिशपचा हेर बनून परत आला, आणि यानानें त्याची मिरवणूक काढली. डिसेंबरांत रोटमाननें एक पुस्तिका लिहिली. तिचा विषय सूड. कृपेचा काळ संपला, आतां भक्तांनीं आपल्या हातानें सूड घ्यावा, असें तींत तो सांगतो. हॉफमनला हें दाखविलें असतें तर त्यानें आपलेंच मत ओळखलें नसतें. वस्तुतः हें मत त्याच्याच मतापासून चार पायऱ्यांनीं उतरत आलेलें होतें, आणि प्रत्येक पायरीवर एक चुकलेली तारीख पडलेली होती.

येथें साक्षीपुराव्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. शहरांतील आयुष्याचीं दोन मोठीं वर्णनें आपल्यापर्यंत आलीं आहेत. एक हेर्मान फॉन केर्सेनब्रोक याचें. तो १५३४ सालीं म्यून्स्टरांत शाळकरी मुलगा होता, पुढें तेथेंच शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्यानें लॅटिनमध्यें लिहिलेला ग्रंथ नगरसभेनें छापूं दिला नाहीं, उलट त्यासच माफी मागावयास लाविली. कारण प्रतिष्ठित घराण्यांच्या आजोबांचीं नांवें त्यांत होतीं. तो ग्रंथ मुळांतून समग्र छापला गेला तो १८९९-१९०० सालीं. दुसरें वर्णन हाइनरिख ग्रेसबेक या सुताराचें. तें १८५३ सालीं प्रसिद्ध झालें. ग्रेसबेक शेवटपर्यंत वेढ्याच्या आंत होता. अर्थात् तो पुढें शहराचा घात करणारा निघाला, म्हणून आपल्यावर ठपका येऊं नये अशी काळजी त्याच्या ओळीओळींत आहे. क्रिस्तोफर मॅके यांनीं या दोघांचीं इंग्रजी भाषांतरें २००७ व २०१६ सालीं केल्यामुळें आमच्यासारख्यांची सोय झाली. दोघेहि पंथाचे शत्रू. पंथीयांचें स्वतःचें म्हणणें रोटमानच्या पुस्तिकांत आणि छळ करून घेतलेल्या कबुलीजबाबांत तेवढें उरलें आहे. कौट्स्कीनें १८९५ सालीं यांत साम्यवादाचे पूर्वज पाहिले, नॉर्मन कोननें १९५७ सालीं आपल्या शतकांतील हुकूमशहांचे पूर्वज पाहिले. दोघांनाहि हवें तें सांपडलें. त्यांच्यापेक्षां आम्हांस किर्खहोफ या संशोधकाचें १९७३ सालचें काम अधिक मोलाचें वाटतें. त्यानें जप्त झालेल्या घरांचीं दप्तरें तपासून दाखविलें, कीं या पंथांत शहरांतील श्रीमंत, मध्यम व गरीब, सर्व थरांतील घरें होतीं. म्हणजे उपाशी गर्दीनें डोकें फिरवून घेतलें, ही उपपत्तिहि टिकत नाहीं.

उपासमार आली ती नंतर. १५३५ च्या आरंभीं बिशपनें शहराभोंवतीं खंदक व बुरूज यांची अखंड सांखळी उभी केली. त्यास पैसा व माणसें कॅथलिक कलोनच्या आर्चबिशपनें दिलीं, तशींच लूथरपंथी हेसच्या फिलिपनेंहि दिलीं. यानानें ईस्टरपर्यंत सुटका होईल असें वचन दिलें होतें. ईस्टर होऊन गेल्यावर ही सुटका आत्मिक होती असें त्यानें सांगितलें. घोडे संपले, मग कुत्रीं, मांजरें, उंदीर. मग गवत, शेवाळ, जुन्या जोड्यांचें चामडें आणि भिंतीचा चुना. शेवटीं ज्यांना जावयाचें असेल त्यांना जाण्याची परवानगी मिळाली. बाहेर पडलेल्या पुरुषांना वेढेकऱ्यांनीं कापून काढलें. बायका, मुलें व म्हातारे यांना त्यांनीं मारलें नाहीं, पण पुढेंहि जाऊं दिलें नाहीं. आणि आंत परत घेण्यास शहर तयार नव्हतें. तट आणि खंदक यांच्यामधील उघड्या पट्ट्यांत तीं माणसें कित्येक आठवडे गवत उपटून खात, सरपटत, मरत राहिलीं. एका बाजूस नवें यरुशलेम आणि दुसऱ्या बाजूस जुनें ख्रिस्ती जग, आणि दोघांपैकीं एकानेंहि दार उघडलें नाहीं. सोळा बायकांच्या गोष्टीपेक्षां ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती, असें आम्हांस वाटतें. जूनमध्यें यानाच्या पत्न्यांपैकीं एलिझाबेथ वांडशेरर हिनें हे दागिने परत घ्या व मला जाऊं द्या, असें म्हटलें. राजानें भर चौकांत आपल्या हातानें तिचें शिर उडविलें.

२४ जूनच्या रात्रीं, वादळी पावसांत, ग्रेसबेक व आणखी एक पळून आलेला शिपाई यांनीं दाखविलेल्या वाटेनें बिशपचे सैनिक तटावरून आंत शिरले. पहांटेपर्यंत झुंज चालली. शेवटचे दोन-तीनशें लोक चौकांत गाड्यांच्या आडोशास लढत होते. शस्त्रें ठेवल्यास सुखरूप जाऊं देऊं, असा शब्द त्यांना देण्यांत आला. त्यांनीं शस्त्रें ठेवलीं, आणि मग बहुतेक सर्वांची कत्तल झाली. डिव्हारानें मत सोडण्यास नकार दिला व तिचें डोकें मारलें गेलें. रोटमानचें काय झालें तें कोणासच कळलें नाहीं. त्याचें प्रेत सांपडलें नाहीं. यान, क्निपरडोलिंक व बेर्न्ट क्रेख्टिंग या तिघांना सात महिने जिवंत ठेवून २२ जानेवारी १५३६ रोजीं तापलेल्या सांडशींनीं लचके तोडीत ठार करण्यांत आलें आणि त्यांचीं प्रेतें लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लॅम्बर्टच्या मनोऱ्यावर टांगलीं. मनोरा पुढें पाडून नवा बांधला, दुसऱ्या महायुद्धांत त्याच्यावर बाँब पडले, तरी ते तीन पिंजरे अजून तेथेंच आहेत. १९८७ सालीं एका कलावंतानें त्यांत तीन दिवे बसविले.

विजेत्यांची पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. ज्या बिशपनें कॅथलिक धर्माकरितां शहर घेतलें तोच १५४० नंतरच्या वर्षांत आपलें राज्य लूथरी करण्याची खटपट करूं लागला. हेसच्या फिलिपनें १५४० च्या मार्चमध्यें पहिली पत्नी हयात असतांना दुसरी केली, आणि लूथर व मेलांख्थोन यांनीं त्यास तसा गुप्त सल्ला दिला. आमच्या विद्यार्थ्यांना शिंप्याचें लग्न ठाऊक असतें. जहागीरदाराचें ठाऊक नसतें.

आणि पंथ? त्याची एक शाखा यान फॉन बाटेनबुर्ग याच्यामागें लूटमारीस लागली व १५३८ सालीं तोहि मारला गेला. दुसऱ्या शाखेस फ्रीसलंडचा मेन्नो सायमन्स हा कॅथलिक धर्मगुरु मिळाला. १५३५ च्या वसंतांत म्यून्स्टरच्या नादानें एका मठांत शिरून बसलेल्या पुनर्बाप्तिस्मावाद्यांची तेथें कत्तल झाली, ती त्याच्या घराजवळच. मेंढपाळावांचून मेलेल्या या मेंढरांचा भार आपल्या मनावर पडला, असें तो पुढें लिहितो. १५३६ च्या जानेवारींत, म्हणजे म्यून्स्टरच्या चौकांत सांडशी तापत होत्या त्याच महिन्यांत, त्यानें आपली वृत्ति व सुखाचें घर सोडलें, आणि पकडल्यास मरण ठरलेल्या त्या लोकांत तो जाऊन मिळाला. त्यानें बाप्तिस्मा तोच ठेवला. तारीख मात्र त्यानें कधीं सांगितली नाहीं, आणि तरवार वर्ज्य केली. तरी पुढें कित्येक पिढ्या त्याच्या अनुयायांना आपण म्यून्स्टरवाले नव्हे हें प्रत्येक न्यायाधीशापुढें सांगावें लागलें. त्या मेन्नोपंथीयांच्या अमेरिकेंतील शाखेचे कांहीं लोक १८९९ सालीं, दुष्काळाच्या दिवसांत, नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांतांत आले, आणि धमतरी येथें त्यांनीं अनाथ मुलांकरितां व महारोग्यांकरितां घरें बांधलीं.